घोणस, काचेची नळी आणि वीस मिनिटं

मृगाचे पहिले पाऊस पडून गेले की पुणे जिल्ह्यातल्या गावागावांत 'पान लागलं', म्हणजे साप चावला, हे शब्द पुन्हा ऐकू येऊ लागतात. मावळातली भातखाचरं, जुन्नर-आंबेगावचा ऊस, कांद्याच्या चाळी, आणि पुणे शहरात टेकड्यांना खेटून वाढलेल्या वस्त्याही. या सगळ्या ठिकाणी ज्या विषारी सापाशी माणसाची गाठ पडते, त्यात घोणस वरच्या क्रमांकावर आहे. जाड शरीर, आखूड शेपूट, चपटं त्रिकोणी डोकं आणि पाठीवर काळसर कडा असलेल्या तपकिरी ठिपक्यांच्या तीन ओळी. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार टाकते. ती सहसा पळत नाही, जागीच बसून राहते, आणि म्हणून अंधारात पाय पडतो. मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्लं पहिल्या दिवसापासून विषारी असतात. तिला अजगराचं पिल्लू समजून हातात धरणारे लोक आजही दवाखान्यात येतात. कात्रजच्या सर्पोद्यानात घोणस आणि अजगर दोन्ही नीट पाहून घेतले, तर ही एक चूक तरी टळेल.

घोणस चावलेल्या माणसाची लक्षणं पाहणाऱ्याला घाबरवून सोडतात. चावलेली जागा सुजते, दातांच्या खुणांमधून रक्त झिरपत राहतं, हिरड्यांतून रक्त येऊ लागतं, लघवी लाल होते. सुई टोचली तर ती जागाही वाहते. गावात म्हणतात, घोणशीच्या विषाने रक्ताचं पाणी होतं. दिसतं तसंच, पण घडतं नेमकं त्याच्या उलट. घोणशीचं विष रक्त गोठवतं. इतक्या ठिकाणी आणि इतक्या वेगाने गोठवतं की रक्तातला गोठण्याचा सगळा ऐवज संपून जातो.

हे समजून घ्यायचं तर रक्त गोठतं कसं, हे आधी पाहायला हवं. बोट कापलं की पहिल्यांदा धावून येतात त्या प्लेटलेट्स. जखमेच्या कडांना त्या चिकटतात, एकमेकींना धरतात आणि तात्पुरतं बूच बसवतात. पण हे बूच कच्चं असतं. ते पक्कं करायला फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी लागते. ही जाळी रक्तात तयार अवस्थेत फिरत नसते, आणि तशी ती फिरत असती तर आपण जगलोच नसतो. रक्तात फिरतं ते तिचं विरघळलेलं, निरुपद्रवी रूप, म्हणजे फायब्रिनोजेन. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर प्लाझ्मामध्ये ते साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. थ्रॉम्बिन नावाचं विकर या फायब्रिनोजेनचे बारीक तुकडे छाटतं, मग उरलेले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि धागा बनतो. थ्रॉम्बिनही आयतं नसतं. ते प्रोथ्रॉम्बिनपासून बनतं, आणि त्यासाठी आधी फॅक्टर १० जागा व्हावा लागतो, त्याच्या मदतीला फॅक्टर ५ लागतो. फॅक्टर १० ला जागं करणारे आणखी वेगळे. हिमोफिलियामध्ये जे कमी असतात ते फॅक्टर ८ आणि फॅक्टर ९ याच वरच्या टप्प्यावर काम करतात. म्हणून हिमोफिलियाच्या मुलाच्या रक्तात फॅक्टर १० भरपूर असूनही तो पुरेसा जागा होत नाही आणि गुडघ्याच्या सांध्यात रक्त साचत राहतं.

या सगळ्या पायऱ्यांना एक अर्थ आहे. प्रत्येक पायरीवर एक रेणू पुढच्या पायरीवरचे अनेक रेणू जागे करतो, त्यामुळे इवल्याशा इशाऱ्यातून काही मिनिटांत पक्की गुठळी उभी राहते. आणि प्रत्येक पायरीवर अडवणारेही असतात, त्यामुळे गुठळी जखमेपुरतीच राहते. पायऱ्या जास्त म्हणजे लगाम लावायच्या जागाही जास्त.

घोणशीचं विष या पायऱ्या ओलांडून थेट मधोमध घुसतं. त्यात दोन विकरं अशी आहेत की त्यांची नेमकी निवड पाहून थक्क व्हायला होतं. एक फॅक्टर १० ला जागं करतं आणि तेही तो रेणू शरीर स्वतः जिथे कापतं त्याच जागी कापून. दुसरं फॅक्टर ५ ला जागं करतं. म्हणजे जखम नाही, इशारा नाही, आणि तरीही सगळ्या शरीरभर थ्रॉम्बिन तयार होऊ लागतं. रक्तवाहिन्यांमध्ये फायब्रिनचे बारीक धागे धरू लागतात. शरीर गुठळ्या विरघळवणारी आपली यंत्रणा सुरू करतं. विष बनवत राहतं, शरीर विरघळवत राहतं, आणि या ओढाताणीत काही तासांत फायब्रिनोजेन जवळपास शून्यावर येतं. मग साध्या ओरखड्यातूनही रक्त थांबत नाही. मूत्रपिंडांवर याचा फार मोठा भार येतो. घोणसदंशानंतर जे रुग्ण वाचतात त्यांतल्या काहींना डायलिसिसवर जावं लागतं, ते याच कारणाने. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत रक्तस्राव होऊन तिचं काम कायमचं मंदावल्याची उदाहरणंही वैद्यकीय नोंदींत आहेत.

विषाच्या या अचूकपणाचा उपयोग करून घेण्याचा विचार १९३४ मध्ये लंडनला झाला. रॉबर्ट ग्वीन मॅकफार्लेन हे तरुण डॉक्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग सांभाळणारे बर्जेस बार्नेट यांनी निरनिराळ्या सापांची विषं हिमोफिलियाच्या रुग्णांच्या रक्तावर घालून पाहिली. बाकीची विषं मागे पडली. घोणशीचं विष दहा हजार पट पातळ करूनही ते न गोठणारं रक्त झटपट गोठलं. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. विष फॅक्टर ८ आणि ९ ची वाट बघत नाही, थेट १० ला गाठतं. त्या काळी हे फॅक्टर कोणाला माहीतच नव्हते. तरी दात काढल्यावर थांबत नसलेल्या रक्तस्रावावर या पातळ विषात भिजवलेला बोळा दाबून धरणं हा उपचार सुरू झाला आणि 'स्टिप्व्हेन' या नावाने हे औषध बाजारातही आलं. फक्त वरून लावायचं, शिरेतून कधीच द्यायचं नाही. भारतीय उपखंडातल्या शेतकऱ्यांचा जीव घेणारं विष सात समुद्रांपलीकडे हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवत होतं.

पुढे १९५० च्या दशकात स्टुअर्ट आणि प्रॉवर या दोन रुग्णांच्या रक्तात एक अनोळखी दोष सापडला. साधी चाचणी सांगत होती की फॅक्टर ७ कमी आहे. पण घोणशीच्या विषाने फॅक्टर ७ कमी असलेलं रक्त व्यवस्थित गोठतं, आणि या रुग्णांचं तसं गोठत नव्हतं. म्हणजे कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती. तोच फॅक्टर १०. त्याला अजूनही स्टुअर्ट-प्रॉवर फॅक्टर म्हणतात. १९६४ मध्ये मॅकफार्लेन यांनीच रक्त गोठण्याच्या पायऱ्यांची उतरंड 'नेचर'मध्ये मांडली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी स्वतंत्रपणे तसाच आराखडा 'सायन्स'मध्ये दिला. आज वैद्यकीय विद्यार्थी जी उतरंड पाठ करतात तिच्या घडणीत घोणशीच्या विषाचा हात आहे, असं मी ठामपणे म्हणेन. पुण्यात हृदयाचे ठोके अनियमित असलेले हजारो ज्येष्ठ नागरिक रोज रिव्हारोक्सॅबन किंवा एपिक्सॅबनची गोळी घेतात. ती गोळी जागृत फॅक्टर १० लाच अडवते. विष जिथे गाडी भरधाव सोडतं, तिथेच गोळी ब्रेक लावते.

आता या लेखातल्या सर्वांत साध्या वस्तूकडे येतो. काचेची नळी.

साप चावलेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला की डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो, विष अंगात भिनलंय का? साप बहुतेक वेळा मारलेला किंवा पळालेला असतो, चावणारा साप बिनविषारी असू शकतो, आणि विषारी असला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशा वेळी फायब्रिनोजेन मोजणारं यंत्र तालुक्याच्या गावातही नसतं. तिथे उपयोगी पडते ती 'वीस मिनिटांची चाचणी'. डेव्हिड वॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये नायजेरियातल्या फुरशाच्या जातीच्या सापांनी चावलेल्या रुग्णांवर ती वापरून दाखवली, आणि आज ती भारत सरकारच्या सर्पदंश उपचार पद्धतीत आहे. शिरेतून दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत सोडायचं. नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं हलवायची नाही, दर दोन मिनिटांनी कोणी येऊन वाकवून बघायची नाही. वीस मिनिटं झाली की एकदाच आडवी करायची. रक्त घट्ट गोळा होऊन नळीला धरून राहिलं, तर निदान आत्ता तरी गोठण्याची यंत्रणा शाबूत आहे. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने आपलं काम केलेलं आहे आणि प्रतिविष द्यायलाच हवं. पहिल्यांदा गोठलं म्हणून निर्धास्त होऊन चालत नाही. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा पाहायचं असतं.

यात काच कशाला हवी? काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. रक्त त्याला टेकलं की फॅक्टर १२ जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत नळीत हे घडत नाही, किंवा फार उशिरा घडतं. साबणाच्या पाण्याने धुतलेल्या काचेवर डिटर्जंटचा पातळ थर राहिला तरी तोच परिणाम होतो. म्हणजे निरोगी माणसाचं रक्तही वीस मिनिटांनी पातळ दिसतं, डॉक्टर घाबरतात, आणि ज्याला गरजच नव्हती त्याला घोड्याच्या प्रथिनांनी भरलेलं प्रतिविष शिरेतून दिलं जातं. त्याची गंभीर ॲलर्जी येऊ शकते.

फॅक्टर १२ बद्दलची एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत रेल्वेवर काम करणाऱ्या जॉन हेगमन यांचं रक्त शस्त्रक्रियेपूर्वी तपासलं, तर काचेच्या नळीत ते काही केल्या गोठेना. पण या माणसाला आयुष्यात कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. ऑस्कर रॅटनॉफ यांनी १९५५ मध्ये दाखवून दिलं की हेगमन यांच्या रक्तात एक फॅक्टर नव्हताच. तोच फॅक्टर १२. खऱ्या जखमेत शरीराला तो फारसा लागत नाही. तो लागतो काचेच्या नळीत. हेगमन १९६८ मध्ये वारले ते रक्तस्रावाने नव्हे, तर हाड मोडल्यानंतर फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने. नळीतलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांचे नियम एकच असतात असं नाही, हा धडा या माणसाने विज्ञानाला दिला. घोणसदंशात ही चाचणी खरं सांगते, कारण तिथे गोठायला लागणारं फायब्रिनोजेनच उरलेलं नसतं. काच कितीही चांगली असली तरी धागा कशाचा होणार?

प्रतिविषाची कहाणी पुणेकरांच्या अंगणातली आहे. हाफकिन संस्था मुंबईत परळला असली तरी प्रतिविषासाठी लागणारे घोडे पिंपरीला पाळले गेले. घोड्यांना सापाच्या विषाचे अगदी लहान, हळूहळू वाढवत नेलेले डोस देतात. त्यांच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. मग रक्त काढून प्लाझ्मा वेगळा करतात, लाल पेशी घोड्याला परत देतात आणि प्लाझ्मामधली प्रतिपिंडं शुद्ध करून त्यांची कोरडी भुकटी कुपीत भरतात. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्र चालतं. पूनावाला कुटुंबाचे घोडे म्हातारे झाले की हाफकिनकडे जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुण्यात स्वतःची सिरम कंपनी सुरू केली. आज जगभर लसी पाठवणाऱ्या सिरम इन्स्टिट्यूटचं नावच या घोड्यांच्या सिरमवरून आलेलं आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावलाही प्रतिविष बनवणारा कारखाना आहे.

प्रतिविष दिल्यावर नातेवाईक अस्वस्थ होतात. औषध गेलं, तरी रक्त का थांबत नाही? प्रतिविष रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करतं. संपलेलं फायब्रिनोजेन ते परत आणून देत नाही. ते यकृताला नव्याने बनवावं लागतं आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून सहा तासांनी पुन्हा काचेच्या नळीत रक्त घेतात. तेव्हाही गोठलं नाही, तर विष शिल्लक आहे आणि पुढचा डोस द्यावा लागतो. विष निष्प्रभ व्हायच्या आधी बाहेरून प्लाझ्मा चढवला तर विषाला आणखी फायब्रिनोजेन मिळतं, एवढंच. आणि घट्ट दोरी बांधून आणलेला पाय हा डॉक्टरांसाठी वेगळाच प्रश्न. साचलेलं विष एका जागी मांस कुजवतं आणि दोरी सोडताच ते एकदम शरीरभर धावतं.

घोणशीचं विष आज पुण्याच्या चांगल्या प्रयोगशाळांत एका अगदी वेगळ्या कामासाठीही वापरलं जातं. काही बायकांचा गर्भ वारंवार पडतो आणि कारण सापडत नाही. काही तरुण माणसांच्या पायात किंवा मेंदूत अकारण गुठळी होते. अशांपैकी काहींच्या रक्तात लुपस अँटीकोॲग्युलंट नावाची प्रतिपिंडं असतात. १९८६ मध्ये त्यागराजन, पेंगो आणि शापिरो यांनी यासाठी घोणशीच्या पातळ विषाची चाचणी सुचवली. विष फॅक्टर १० ला जागं करतं, पण पुढचं काम व्हायला पेशींच्या पडद्यातली स्निग्ध द्रव्यं, म्हणजे फॉस्फोलिपिड्स, लागतात. ही प्रतिपिंडं नेमकी त्यांना चिकटून बसतात आणि नळीतलं रक्त उशिरा गोठतं. मग त्याच रक्तात मुद्दाम जास्त फॉस्फोलिपिड घालतात. वेळ पूर्ववत झाली, की दोषी सापडला. या प्रतिपिंडांमुळे नळीत रक्त उशिरा गोठतं आणि शरीरात मात्र गुठळ्या जास्त होतात, हा विरोधाभास रुग्णाला नीट समजावून सांगायला हवा, नाहीतर 'रक्त पातळ आहे' असं ऐकून तो निर्धास्त होतो. निदान वेळेत झालं तर गरोदरपणात ॲस्पिरिन आणि हेपॅरिनच्या जोरावर अनेक बायका पूर्ण दिवस भरून सुखरूप बाळंत होतात.

कोकणातलं इवलंसं फुरसंही या विद्येत मागे नाही. त्याच्या विषातला एकिस्टॅटिन नावाचा रेणू प्लेटलेट्सना एकमेकींना धरू देत नाही. त्याच्या नमुन्यावर बेतलेलं टिरोफिबान हे औषध हृदयविकाराच्या रुग्णांना दिलं जातं.

आणि तरीही, हे सगळं ज्ञान ज्यांच्या गावात जन्मलेल्या सापामुळे मिळालं, ते लोक अजून मरतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, बरीचशी कर्त्या वयातली, आणि निम्म्याच्या आसपास पावसाळ्याच्या महिन्यांत. विषबाधेत घोणशीचा वाटा सर्वांत मोठा. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं ध्येय आहे. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर आणि नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी मोठ्या शहराची साधनं हाताशी नसताना गावातच रुग्ण वाचवून दाखवले. म्हणजे हे काम गावातही होऊ शकतं, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही.

तरी मला काळजी वाटते ती एका स्वस्त वस्तूची. दवाखान्यांतून काच हद्दपार होत आहे. रक्त घ्यायच्या नळ्या आता प्लॅस्टिकच्या असतात. जांभळ्या झाकणाच्या, निळ्या झाकणाच्या, आत रक्त न गोठू देणारं रसायन असलेल्या. इतर तपासण्यांसाठी त्या उत्तम आहेत. या एका चाचणीसाठी मात्र त्या निरुपयोगी आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि पुण्यातल्या प्रत्येक आपत्कालीन विभागात नव्या कोरड्या काचेच्या नळ्यांचा एक डबा सर्पदंशाच्या औषधांशेजारी कायम ठेवा, आणि शंका आली तर सोबत आलेल्या निरोगी नातेवाइकाचं रक्तही दुसऱ्या नळीत घेऊन तुलना करा. ज्यांच्या घरात किंवा शेतात साप निघतो त्यांना एवढंच सांगतो: पान लागलं तर दोरी बांधू नका, जखम कापू नका, पाला आणि मांत्रिक यांत वेळ दवडू नका, हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा, आणि जवळच्या ज्या दवाखान्यात प्रतिविष आहे तिथे सरळ जा.